विलासच्या कोठीतली तलवार

आमच्या सरांच्या ऑफिसात फायली ठेवायला दोन कपाटं आहेत. किश्शांना कपाट नाही. ते आम्ही बाररूममध्ये चहाबरोबर एकमेकांच्या अंगावर फेकतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यात चार नवे पडलेले असतात. वकिली सुरू केली तेव्हा वाटायचं, खोट्या केसेस कधीतरी, चुकून होत असतील. आता एकट्या विलासच्या केसमधले किस्सेच मला पुरून उरलेत. पोलीस ठाण्याचं नाव मात्र सांगणार नाही. मला अजून तिथे जावं लागतं!

*

विलास धावडा गावचा. पहाटे पळून पळून पोलीस भरतीत निवडला गेला. हो, पोलीसच व्हायचंय त्याला! नेमणुकीची वाट बघत असताना एका बाजाराच्या दिवशी तो आईबरोबर हिरवी मिरची विकायला बसला. फौजदारांची जीप गर्दीतून रिव्हर्स आली आणि मिरच्यांच्या ढिगावरून गेली. विलास उठून म्हणाला, "साहेब, हॉर्न तरी वाजवा की!"

सगळा बाजार हसला. फौजदार हसले नाहीत.

त्याच आठवड्यात विलासच्या घरी, ज्वारीच्या कोठीत, तलवार सापडली. बेकायदा हत्यार बाळगल्याचा गुन्हा. जामीन झाला, पण नेमणूक अडकली. निर्दोष सुटला तर वर्दी, नाहीतर मिरच्या.

त्याची आई मला म्हणाली, "ताई, त्या कोठीत मी रोज हात घालते. माझ्या हाताला ज्वारीच लागती. ह्या पोलिसांच्या हाताला बरी तलवार लागली!"

*

आमचे सर तालुक्यातले जुने वकील. कुठलीही केस आली की त्यांचा पहिला सल्ला ठरलेला: मिटवून टाका. विलासच्या वडिलांना त्यांनी समोर बसवलं आणि म्हणाले, "पोराला घेऊन फौजदारांना भेटा. साहेब, चुकी झाली, एवढंच म्हणा."

वडील लगेच तयार. सरपंच तयार. चुलते तयार. वयाची पन्नाशी ओलांडली की माणसाच्या मणक्याचं नेमकं काय होतं, हे कुणीतरी एकदा तपासायला हवं!

विलास मात्र जागचा हलला नाही. "हात जोडले की तलवार गायब होती का, सर?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "होते. मी होताना पाहिलीय."

*

तलवार जप्त करताना पंच म्हणून सही होती ठाण्यासमोरच्या हॉटेलवाल्या मामांची. कुठल्याही पंचनाम्यात पंच हेच! तालुक्यातली निम्मी हातभट्टी आणि सगळे जुगार त्यांनी, कागदावर तरी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

मी मुद्दाम त्यांच्याकडे चहा प्यायला गेले. "मामा, धावड्याला कधी गेल्ता?"

"मी कशाला जाऊ धावड्याला? हॉटेल कोण बघणार?"

"मग तलवार कुठं पाहिली?"

मामांनी कप विसळता विसळता माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ताई, तुम्ही नवीन दिसता. मला कुठंच जावं लागत न्हाई. सगळं हितंच येतं."

*

मी जिल्ह्याला जाऊन वरिष्ठांकडे फौजदारांविरुद्ध लेखी तक्रार दिली. सर म्हणाले, "पाण्यात राहून..." मी म्हटलं, "सर, पाण्यात तुम्ही राहता. मी भाड्याच्या खोलीत राहते."

काही दिवसांनी तक्रारीची चौकशी सुरू झाल्याचा फोन आला. विलासला जबाब द्यायला बोलावलं होतं. त्याच ठाण्यात! आम्ही आत गेलो, तर खुर्चीत स्वतः फौजदार. तक्रार वरून खाली, खालून आणखी खाली घरंगळत थेट त्यांच्याच टेबलावर येऊन पोचली होती.

त्यांनी पेन उघडलं. "हं, सांगा. माझ्याविरुद्ध काय तक्रार आहे?"

विलास बोलायला लागला. मिरच्या, जीप, कोठी, सगळं. तावातावाने बोलत होता. फौजदारांनी मध्येच हात वर केला.

"जरा हळू. लिहून राह्यलो ना मी!"

*

भरतीतल्या उमेदवाराच्या वर्तणुकीची चौकशी गावात येऊन करतात. विलासच्या चौकशीला जे जमादार आले, त्यांनीच त्याला अटक केली होती. हे जमादार म्हणजे मनाने लोण्याचा गोळा. कपाळाला कायम कुंकू. ठाण्यातला मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू, त्यांच्याच ताब्यात. पावसाळ्यात ठाण्यातला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांनी आधी त्याला उदबत्ती ओवाळली, मग मेकॅनिकला फोन केला.

ते विलासच्या अंगणात बसले, त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायले आणि शेजाऱ्यांदेखत म्हणाले, "पोरगं लाखात एक हाय. मीच धरून नेल्तं ना! बिलकुल त्रास दिला न्हाई."

आणि जाऊन रिपोर्टात लिहिलं: गुन्हा प्रलंबित.

*

शेवटी केस बोर्डावर, म्हणजे सुनावणीला आली. आदल्या दिवशी सरांनी मला बजावलं, "तलवारीचं सीलबंद पाकीट उघडायला लावू नकोस. लांबलचक पातं समोर आलं की कोर्टाचं मन फिरतं. जुन्या माणसाचं कधीतरी ऐक!"

मी ऐकलं नाही.

फौजदार साक्षीच्या पिंजऱ्यात अगदी ऐटीत उभे. मी विचारलं, "तलवार कोणत्या अवस्थेत सापडली?"

"पूर्ण गंजलेली."

"सील कधी केलीत?"

"जागेवरच, उन्हाळ्यात. पंचांसमोर."

"त्यानंतर सील कुणी उघडलं?"

"प्रश्नच येत नाही. आज कोर्टातच उघडणार."

सर मागच्या बाकावरून खाकरले. विलासची आई दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. मी म्हटलं, "साहेब, पाकीट उघडावं."

जमादारांनी पाकीट पुढे केलं. लाखेचं सील बरोबर जागेवर. कागद फाटला, कापड सुटलं आणि तलवार टेबलावर आली. तेल लावून लखलखीत केलेली! पात्यावर हळदीकुंकवाची बोटं. मुठीला झेंडूची माळ, पार वाळलेली.

न्यायाधीशांनी माळ पेनाच्या टोकाने उचलली. फौजदारांकडे पाहिलं. "उन्हाळ्यात सील केली होती ना ही?"

फौजदार घाईघाईने म्हणाले, "साहेब, आरोपीच्या घरचंच असेल ते. आमच्या ठाण्यात असं काही होत नाही."

इतका वेळ हात बांधून उभ्या असलेल्या जमादारांचा चेहरा एकदम पडला. भर कोर्टात, आपल्या फौजदारसाहेबांच्याच तोंडून असं ऐकायला मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ते एक पाऊल पुढे आले.

"असं कसं म्हणता, साहेब? दसऱ्याला ठाण्यातल्या सगळ्याच हत्यारांची पूजा केल्ती मी. नारळ तर तुमच्याच हातानं फोडला!"