टमरेल घेऊन पळणारा माणूस

आमचे हे पहाटे पळायला जाताना हातात टमरेल घेऊन जायचे. कुंडलसारख्या गावात धडधाकट माणूस कामाशिवाय पळताना दिसला, तर लोक आधी त्याच्या मागं बघतात, कोण पाठीस लागलंय का म्हणून. टमरेल हातात असलं की कुणी काही विचारत नाही. उलट वाट सोडतात.

पण खरी अडचण गावाची नव्हती, सासूबाईंची होती. हे फौजेत. चीनच्या लढाईच्या वेळी वरच्या थंडीत ह्यांच्या छातीत पाणी झालं. बरेच महिने लष्करी दवाखान्यात काढल्यावर लांबलचक रजा देऊन घरी धाडलं. रजा संपली की डॉक्टरांचं बोर्ड बसणार आणि ह्यांना ठेवायचं की कायमचं घरी पाठवायचं ते ठरवणार. तोवर पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं कागदावर लिहून दिलेलं. तो कागद सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला होता. म्हणून टमरेल. तासाभरानं हे घामाघूम होऊन परतायचे. पोराचं पोट बिघडलंय असं धरून सासूबाई रोज ह्यांना बेलफळाचा मुरंबा द्यायच्या, आणि हे मुकाट्यानं खायचे.

मला सगळं ठाऊक होतं. मी जात्याच भित्री, त्यात तोंडाळ. भाकऱ्या थापताना माझा कान रस्त्याकडं असायचा. परत यायला जरा उशीर झाला की ओढ्याकाठी पडलेले हेच डोळ्यांपुढं यायचे. रोज निघताना मी दारात आडवी उभी राहायची.

"आज नगा जाऊ. छाती वाजतीया तुमची."

"ती तुझ्या कानात वाजतीया," असं म्हणून हे सटकायचे.

अशात एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. गोव्यात समुद्राच्या कडेनं सव्वीस मैलांची शर्यत आहे, कुणीही पळावं. गोवा आपल्यात येऊन दोनेक वर्षं झाली असतील, पण आमच्या लेखी तो परमुलूखच होता. मी सरळ नाही म्हटलं. ह्यांनी माझी समजूत काढली नाही, एवढंच म्हणाले, "डॉक्टर काय सांगायचं ते सांगंल. माझी छाती चालतीया का न्हाई, ते मला आधी कळाय पायजे." एकटे जाऊन कुठं कोसळले तर, या धास्तीनं मीच बरोबर निघाले.

माझा दादा तासगावला लॉरी चालवायचा. सांगलीचा गूळ घेऊन तो खाली गोव्याला जायचा. बहिणीला माहेरी नेतो असं सासूबाईंना सांगून त्यानं आम्हा दोघांना लॉरीत बसवलं. कोल्हापूर मागं पडलं, आंबोलीचा घाट उतरलो. वाटेत तीन दगडांवर भात शिजवायचा, चटणीबरोबर खायचा आणि ढेपांना टेकून डुलक्या काढायच्या. खर्च म्हणाल तर चहाचा. घाटात प्रत्येक वळणाला माझा जीव मुठीत, आणि हे ढेपांवर पाय हलवत बसलेले.

गोव्यात उतरल्यावर दादानं गूळ पोचता केला आणि दुपार कलताना आम्ही शर्यतीची वाट बघायला गेलो. सुरुवातीची वाट सगळी सडकेनं. शेवटी एक पांढरं चर्च लागायचं, आणि तिथून पुढं नदीच्या मुखाजवळच्या धक्क्यावर शेवट. चर्चपासून सडक मोठा वळसा घालून जात होती. किनाऱ्यानं मात्र सरळ वाट होती, मध्ये फक्त एक काळा खडक डोंगरासारखा समुद्रात घुसलेला. कुठूनही या, धक्क्याला पोचा, असा नियम होता.

वाळू ओली, घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी. खडकापुढूनही कोरड्या पायांनी जाता येत होतं. हे दोनदा ये-जा करून आले. चेहरा खुललेला. "सगळी येडी सडकनं जात्याल," म्हणाले. दादानंही मान डोलावली. आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि मग गुमान आपल्या पात्रात पडून राहतं. आज जिथं पाणी आहे तिथं ते उद्याही असणार, याबद्दल आम्हा तिघांपैकी कुणाला शंका आली नाही. तिथल्या एखाद्या माणसाला विचारावं, हेही सुचलं नाही. आम्हाला वाटलं, आम्ही चोरवाट शोधलीय.

दुसऱ्या दिवशी उजाडता शर्यत सुटली. दादा लॉरी घेऊन धक्क्यावर गेला. मी खडकाच्या अलीकडं, धक्क्याच्या बाजूला, गूळ-लिंबाच्या पाण्याची कळशी वाळूत रोवून बसले. हे खडकापुढून येतील, पाणी पितील आणि पुढं जातील, असं ठरलेलं. समुद्र तेव्हा लांब होता. मी त्याच्याकडं बघतही नव्हते, मनात मैल मोजत होते. आता आठ झाले असतील. आता बारा. छाती भरून आली असेल का? कुणी पाणी दिलं असेल का?

ऊन चढलं तशी पायाला ओल लागली. मी कळशी थोडी मागं घेतली. परत ओल. तिसऱ्यांदा मागं घेताना वर बघितलं, तर खडकापुढची वाट गायब. तिथं पाणी आपटत होतं. मासळीची पाटी घेतलेली एक बाई चालली होती. तिला हातवारे करून विचारलं, हे पाणी कवा उतरंल? तिची बोली निम्मीच कळली, पण तिनं हात आधी कमरेशी नेला, मग छातीशी. आणि खडकाच्या पाठीवरून काजूच्या झाडांतून जाणारी पायवाट दाखवली.

मी कळशी तिथंच टाकली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि पळाले. लग्नानंतर पहिल्यांदा पळत होते. खडकाची चढण, करवंदीची जाळी, पायात काटे. श्वास पुरत नव्हता, आणि मध्येच मनात आलं, ह्यांना रोज असंच होत असेल.

पलीकडं उतरले तर हे मांडीभर पाण्यात, एका हातानं खडक धरून उभे. खोकत होते. बरोबर कुणी नव्हतं. तिथली पोरं शहाणी, सगळी सडकेनं गेली होती. मी हाक मारली. हे वळून बघत हळूहळू पाण्याबाहेर आले. ओठ काळेनिळे पडलेले, डोळे लाल.

"थांबू काय गं?" ह्यांनी विचारलं.

आख्खं वर्ष मी या प्रश्नासाठी देव पाण्यात ठेवले होते. उत्तर ओठांवर तयार होतं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि ते बाहेर येईना. हा माणूस माझ्यापुढं कधी घाबरलेला दिसला नव्हता, आज दिसत होता. ती भीती माझी होती. रोज सकाळी दारात उभी राहून, भाकरीच्या जोडीनं, मीच ती ह्यांना चारली होती. मला स्वतःची लाज वाटली.

"दम न्हाई म्हनून थांबणार असशीला तर थांबा," मी म्हणाले. "पर मला भ्या वाटतं म्हनून नगा थांबू."

हे खाली वाकून उभे राहिले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "दम हाय." मी पायवाट दाखवली.

चढण आम्ही चालत चढलो. उतारावर हे पळायला लागले, मी मागून. ते पुढं निघून गेले तरी खोकला ऐकू येत होता, आणि तो ऐकू येतोय म्हणजे चालू आहेत, एवढ्या आधारावर मी धक्क्यापर्यंत पोचले. तिथं पंचांचं टेबल उचललं होतं. एक माणूस खुर्च्या रचत होता. ह्यांचा वेळ कुणी लिहिला नाही. हे लॉरीच्या सावलीत उताणे पडले होते, दादा गमज्यानं वारा घालत होता. मी शेजारी बसून ह्यांच्या छातीवर हात ठेवला. ती जोरात चालली होती, पण चालली होती.

पुढं बोर्डानं ह्यांना फौजेतच ठेवलं, मात्र कोठारातलं बसून करायचं काम दिलं. पण ते नंतर. आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या पहाटेची गोष्ट सांगायची आहे. मी चूल पेटवत होते. सासूबाई मुरंब्याची बरणी घेऊन बाहेर आल्या आणि कोपऱ्याकडं बघून थबकल्या. टमरेल जागेवर होतं.

"आगं, टमरेल हितंच हाय. मग ह्यो गेला कुठं?"

"पळायला गेल्यात," मी म्हणाले, आणि पीठ मळायला घेतलं.