पुसलेली तक्रार

उमरग्याच्या मदतकक्षातली ती बाई मान वर करत न्हाय. माणूस बोलंल तसंच टाईप करती, शिवीसकट.

बायको वारल्यावर म्याच ह्या बाईला म्हणलं, "हिचं नाव काढा." रेशनकार्डावरनं काढत्यात, तसं. बाईनं हिनं लिहून घातलेली नळाची अख्खी तक्रारच पुसली. मागनं मला उमगलं, हिचं बोलणं तेवढंच कुठंतरी लिहिलेलं हुतं.

परत गेलो. "चुकलं माझं," म्हणलं.

"थांबा बाबा." जेवणाचा डबा बाजूला सारून तिनं जुन्या बॅकअपमधनं नोंद हुडकली आन् वाचून दाखवली. "नळाला पाणी न्हाय. मालकाचं गुडघं गेल्यात. सांगून ऐकत न्हाईत, घागर उचलाय जात्यात."

मग पहिल्यांदाच तिनं वर बघितलं. "नळ आला का?"

"आला."

"मग तक्रार बंद करू?"

"नगं. ऱ्हाऊ द्या."