हाई

कोरीटच्या भिकुबाई आयुष्यभर अहिराणीच बोलल्या. मुलगा अमृत शिक्षक झाला आणि घरात रोज दुरुस्ती सुरू झाली. "आई, 'हाई' नको म्हणू, 'हे' म्हण," असं तो चारचौघांत सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांची केळीची बाग पाहायला एक जपानी पाहुणा दुभाष्याला घेऊन आला. "त्यांच्यासमोर तू बोलूच नको," अमृतने बजावलं. पण पाहुणा जेवायला बसला तेव्हाच दुभाष्याला फोन आला आणि अमृतही त्याच्यामागे अंगणात गेला. भिकुबाईंनी ठेच्याची वाटी पुढे करत विचारलं, "हाई?"

"हाई!" पाहुणा मान झुकवून म्हणाला.

भिकुबाई हरखल्या. त्यांनी ठेचा वाढला आणि पुन्हा विचारलं. पाहुणा पुन्हा "हाई" म्हणाला. अमृत परतला तेव्हा पाहुण्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"देख, हाऊ तं मन्हीच भाषा बोली ऱ्हायना!" आई म्हणाली.

जपानीत 'हाई' म्हणजे 'हो', असं दुभाष्याने समजावलं. भिकुबाईंना ते पटलं नाही. अमृतला मात्र एवढं पटलं, की आपली आई पाहुण्याशी जपानीत बोलली, असं त्याने शाळेत सगळ्यांना सांगितलं.

आठवड्याभरात शेजारची मुलगी भूमिका आली. तिला नर्स म्हणून जपानला जायचं होतं.

"आजी, मले जपानी शिकाडा."

भिकुबाईंनी जराही न अडखळता पाट सरकवला आणि ठेच्याची वाटी पुढे ठेवली.

"बठ माय, पहिले जेवी ले."