पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

"मॅडम, ह्याबी चढून राहिल्या," पल्लवी म्हणाली. पल्लवी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिच्या हातातल्या नळीतल्या माश्यांना आम्ही औषध दिलेलंच नव्हतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि फळांवरच्या बारीक माश्या पाळते. माणसाचे पुष्कळसे जीन त्यांच्यातही असतात. शेंदूरजनाघाटच्या सुधाकररावांच्या मुलीचा, समीक्षाचा, एक जीन बिघडलेला आहे. पाय लुळे पडत चाललेत. आजार इतका विरळा, की औषध शोधायला कोणी बसत नाही. आम्ही तोच बिघाड माश्यांत केला. नळी टेबलावर आपटली की चांगली माशी खाली पडते आणि लगेच वर चढते. आमच्या आजारी माश्या तळाशीच राहायच्या. मग त्यांच्या खाण्यात दुसऱ्या आजारांवरचं एकेक जुनं औषध मिसळून पाहायचं.

आठव्या औषधावर माश्या चढल्या. मी मोठी शहाणी, त्याच दिवशी फोन केला. "सुधाकरराव, फरक दिसून राहिला."

आणि पुढच्याच आठवड्यात हे. औषध न देता चढतात, तर औषधाचा काय संबंध? मायक्रोस्कोप लावला. ओळखू यावं म्हणून आमच्या माश्या पांढऱ्या डोळ्यांच्या असतात. निम्म्या नळ्यांत लाल डोळे निघाले. बाहेरच्या धडधाकट माश्या आत शिरल्या होत्या.

टेबलाखाली संत्र्याची पेटी होती. सुधाकरराव रिकाम्या हातानं कधी येत नसत आणि आम्हाला नको म्हणवत नसे. खालची संत्री सडली होती आणि त्यांवर लाल डोळ्यांच्या माश्या बसल्या होत्या. माश्या पाळणाऱ्यांना एवढं कळू नये, याची मला अजून लाज वाटते.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्या घरी गेले.

"माश्या औषधानं चढल्या नव्हत्या. चूक आमची झाली," मी म्हणाले. पेटीचं बोलले नाही. त्या माणसाच्या डोक्याला तो ताप कशाला.

"चूक होते मॅडम. पन मी पोरीले सांगून बसलो, शाळा उघडली का चालत जाशील म्हनून. आता तिले तुमीच सांगा."

सांगितलं. समीक्षानं विचारलं,

"मंग माश्या बऱ्या नाही झाल्या?"

"नाही."

"त्याह्यलेबी तरास होत असन मंग."



नव्या माश्या वाढवून तेच औषध पुन्हा दिलं. एकही चढली नाही. समीक्षा आता चाकाच्या खुर्चीत असते. बातमी चांगली असली की आधी दोनदा मोजायचं, एवढं मी शिकले. नववं औषध लावलंय. सुधाकररावांना काही कळवलेलं नाही.