बंद टॉवेल कंपनीच्या गेटसमोर

कंपनी चालू होती तेव्हा किस्से घडत नव्हते असं नाही, पण मागांच्या खडखडाटात ऐकणार कोण? बंद पडली आणि किस्सेच किस्से साठले. पगार सोडून सगळं साठलं! सोलापुरातली आमची टॉवेलची कंपनी दिवाळखोरीत गेली, केस चालू आहे. मी डिस्पॅचला होतो. अजूनही सकाळी गेटसमोरच्या टपरीवर जमतो. घरी बसून करायचं काय!

*

कंपनी बुडणार हे सगळ्यात आधी नरसय्याला कळलं. नरसय्या आमचा जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. खंडेनवमीला मागांच्या पूजेला मालक स्वतः यायचे, सहकुटुंब. त्या वर्षी त्यांनी ड्रायव्हरच्या हाती नारळ पाठवला.

नरसय्या म्हणाला, "संपलं की वो!"

आम्ही त्याला हसलो. दिवाळी झाली आणि गेटला कुलूप लागलं.

*

आमच्यातल्याच होटगीच्या बिराजदारचा जावई जर्मनीत असतो. व्हिडिओ कॉल आला, तर फोन बिस्किटाच्या बरणीला टेकवून आम्ही सगळेच ऐकत बसलो.

"मामा, इकडं कंपनी बुडाली तर थकलेला तीन महिन्यांचा पगार सरकारी ऑफिस देतं."

बिराजदार म्हणाला, "आन् सासऱ्याची नोकरी गेली तर त्याला जावयानं पोसायचं, असा कायदा हाय का तितं? बग की जरा!"

जावयाची लगेच रेंज गेली.

*

मी मोबाइलवर वाचून दाखवलं, की इंग्लंडात सरकार कामगारांना आधी देतं आणि मग स्वतः वसुलीच्या रांगेत उभं राहतं.

"सरकार रांगेत?" बिराजदार म्हणाला. "फोटो दाव."

*

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, आपल्याकडेही कामगारांचं दोन वर्षांचं येणं बँकेच्या बरोबरीनं धरतात.

बिराजदार म्हणाला, "बरोबरीची हाय, मग बँक हितं चहाला का येत न्हाय?"

हसलो सगळे. पण खरं सांगतो, आता कंटाळा आलाय. कायदा समजून घ्यायचाही कंटाळा आलाय.

*

कंपनीचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या बँकांच्या मीटिंगला आमचा एक प्रतिनिधी बसू शकतो, मत मात्र देता येत नाही. ऑनलाइन मीटिंगला नरसय्या बसला. संपल्यावर आम्ही गराडा घातला. "काय बोललास?"

"मला म्यूटवर ठिवलं होतं."

*

शेवटी कंपनी एका नव्या पार्टीनं घेतली. आमचं जुनं येणं अजून लटकलेलंच, पण जुन्या माणसांना इंटरव्ह्यूला बोलावलं. पन्नाशी उलटलेल्या नरसय्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नव्हतं. हीही नोकरी हुकली तर पुढं काही नाही, हे त्यालाही माहीत होतं. बायकोनं इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलेला. आम्ही दाराबाहेर कान लावून.

साहेब खूश झाले. "सोमवारपासून या. पगार, सुट्ट्या, सगळं सांगितलं. आणखी काही विचारायचंय?"

नरसय्या उठला, दारापर्यंत आला आणि वळला.

"साहेब, ही कंपनी बुडताना आमाला आदी सांगनार, का बुडल्यावर?"