पेटीच्या फळीवरचा निकाल

आंब्याची आढी उघडली, की गवतातून उठणाऱ्या वासाबरोबर मला एक मेची ती जुनी सकाळ आठवते. माझी मुलगी बायो मालवणी बोलते म्हणून हेडमास्तर तिला भर वर्गात हसले होते. मी भांडून तिला शाळेतून काढलं आणि वर्षभर घरीच बसवून स्वतः शिकवलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या सकाळी वाडीतली पोरं निकालपत्रं नाचवत दारावरून गेली. बायोने हातातला आंबा खाली ठेवला.

"बाबा, माझो निकाल खंय आसा?"

मी पेटीची एक फळी घेतली आणि पेट्यांवर नाव घालायच्या शाईने लिहिलं, 'पास. पहिला नंबर.'

तिने ते दोनदा वाचलं. "शिकाक मी एकटीच. मगे पयलो नंबर कसो?"

आंब्याच्या भावावरून दलालांना घाम फोडणारा मी, पण ती फळी मी उलटी करून ठेवली.

जूनमध्ये तिला शाळेत परत घ्या म्हणून मी हेडमास्तरांसमोर हात जोडले. घासाघीस न करता मी केलेला तो एकच सौदा. मान वर केली, तेव्हा बायो आत जाऊन पोरांमध्ये बसलीही होती.