वाळूतलं पाऊल

कासवाची पिल्लं समुद्रात सोडण्याआधी आमच्या गावात वाळू सारखी करतात. माणसाचं पाऊल उमटलं, की पिल्लासाठी तो खड्डाच. त्या सकाळी शेजारच्या सुनंदावहिनी फळी ओढत पाण्यापर्यंत गेल्या. मग पिल्लांवर पालथी घातलेली टोपली जरा उचलून थोडी पिल्लं सोडली. पण वहिनींचंच एक पाऊल पुसायचं राहिलं होतं आणि एक पिल्लू नेमकं त्यात पडलं.

ते टाचेच्या कडेवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. मी वाकले.

“हात लावू नको हां,” वहिनी म्हणाल्या. “चालूदे त्याला, वाळूची ओळख होऊदे. मादी असली तर अंडी घालायला हीच वाळू शोधत यायचंय तिला.” आवाज ठाम होता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलेलं.

मागे पाऊलखुणा ठेवून जावं, हे भाषणांतून ऐकून कान किटले. येणाऱ्याजाणाऱ्याची वाट सारखी करून बाजूला व्हावं, असं कुणी सांगत नाही.

पिल्लू अखेर वर आलं. पहिल्या लाटेनं त्याला मागे लोटलं, दुसरीत ते दिसेनासं झालं.

टोपलीखाली अजून पिल्लं होती. वहिनींनी फळी उचलली आणि आधी आपलं पाऊल पुसलं.